प्रॅथर झऱ्याचं हिरवं पाणी

"चढतंय! चढतंय!" अशी आरोळी उठली आणि प्रॅथर झऱ्याच्या काठावरची माणसं धडाधड गुडघ्यांवर आली.

चुनखडीच्या गुहेच्या तोंडाशी धर्मोपदेशक ब्रदर डेलमर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. एक हात खडकावर, दुसरा आभाळाकडे. "ऊठ, पाण्या! धन्याची लेकरं तहानलीत!" आणि पाणी खरोखरच उठलं. डोंगराच्या पोटातून घरघर आली आणि निपचित पडलेलं कुंड बघता बघता हातभर चढलं. बायकांना रडू फुटलं. दुधाचे रिकामे कॅन भरायला झुंबड उडाली.

"मधुमेह? पळाला! गुडघा? वंगण घातल्यासारखा!" डेलमर गरजला. "डॉक्टर म्हणतो जन्मभर सुई, देव म्हणतो एक घोट. आता तुम्हीच सांगा, दोघांत दयाळू कोण?"

व्हर्लिन स्ट्राउड मागे, सहलीच्या बाकांजवळ उभा होता. गावच्या शाळेत विज्ञान शिकवून तो निवृत्त झाला होता. पोरांसमोर बोलायची सवय होती, पण मोठ्या माणसांसमोर तो मागेच राही. त्याची धाकटी बहीण वांडा पहिल्या रांगेत होती. तिनं ह्या पाण्याच्या भरवशावर इन्शुलिन बंद केलं होतं आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

परतताना गाडीत तो म्हणाला, "मी आडवारी, रविवारची सभा नसताना, तिथे बसून आलो, वांडा. ब्रदर नव्हता, कोणीच नव्हतं. तरी पाणी चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. चढायच्या आधी गुहेतून वारा येतो आणि तिच्या तोंडावरचे नेचे, ते फर्न, हलतात. नेचे हलेपर्यंत हा गाणी लांबवतो, एवढंच."

"त्याची प्रार्थना खडकात मुरलीय, म्हणून चढलं असेल."

"अगं, पण ते पाणी येतं कुठून? तुझ्या वरच्या कुरणातल्या खड्ड्यातून येत असेल तर?"

 वांडाच्या त्या कुरणात जमीन खचून एक खोल खड्डा पडला होता. मेलेलं जनावर त्यात लोटायचं, ही त्या भागातली आजोबा-पणजोबांपासूनची रीत. खडकाळ जमिनीत पुरायला खणणार कोण? तळ दिसत नाही, म्हणजे टाकलेलं गेलं ते गेलंच, असं सगळे धरून चालत. जुलाबानं मेलेलं वासरू वांडानं गेल्याच महिन्यात तिथे ढकललं होतं.

"माझ्याकडे एक हिरवा रंग आहे," व्हर्लिन म्हणाला. "जमिनीखालच्या पाण्याचा माग काढायला वापरतात, अपाय करत नाही. झरा ज्या पार्कात येतो, त्याच्या कचेरीतून परवानगी आणलीय. तू स्वतःच्या हातानं त्या खड्ड्यात ओत."

"आणि रविवारी झरा स्वच्छ निघाला तर?"

"तर सुईचं नाव काढणार नाही. पण हिरवा निघाला, तर तू दवाखान्यात यायचंस."

"तेवढ्यानं नाही भागायचं, मास्तर. सगळ्यांदेखत कुंडात उतरायचं आणि ब्रदरच्या हातून बाप्तिस्मा घ्यायचा. कपड्यांसकट!"

तो हो म्हणाला. मात्र तिनं रंग ओतल्यावर त्याला शंका येऊ लागली. जमिनीखालचं पाणी कुठल्या वाटेनं जातं, हे वरून कोण छातीठोक सांगणार? रंग भलत्याच ओढ्याला लागला, तर आपल्या हुशारीपायी बहिणीचा पाय जायचा. शुक्रवारी धो धो पाऊस पडला. शनिवारी तो झऱ्यावर जाऊन आला. पाणी आरशासारखं नितळ होतं.

रविवारी सकाळीही नितळच.

"टॉवेल आणलायस ना?" वांडानं विचारलं. ती हसली, पण लंगडत होती.

डेलमरनं गाणं लांबवलं. नेचे हलले. "ऊठ, पाण्या!" घरघर झाली आणि गुहेतून गवताच्या कोवळ्या पात्यासारखं हिरवंगार पाणी उसळलं.

क्षणभर डेलमरही दचकला. पण जिभेला हाड कुठलं! "हिरवा! नव्या पालवीचा रंग! आजचा घोट दुप्पट गुणाचा!"

माणसं कॅन घेऊन धावली. व्हर्लिन त्यांना अडवायला पुढे झाला. तेवढ्यात वांडा उभी राहिली.

"ब्रदर, तो रंग माझा. माझ्या मेलेल्या वासरावर ओतला होता मी."

"बहिणी, तुझ्या तोंडून सैतान बोलतोय!"

"सैतान कुठला? वांडा स्ट्राउड बोलतेय. वासराला जुलाब लागले होते."

कोणीतरी तोंडातलं पाणी पचकन थुंकलं. "मास्तरानं हिचे कान भरलेत!" एकजण ओरडला.

आता बोलणं भाग होतं. "ट्रॅक्टरच्या टाकीतून रबरी नळीनं तेल काढता ना?" व्हर्लिन म्हणाला. "नळी एकदा भरली, की टाकी आपोआप उपसत जाते. डोंगरात तशीच पोकळी आहे, तशीच वाकडी वाट. पोकळी भरत आली की हवा बाहेर ढकलली जाते, नेचे हलतात. पाणी वाकणावरून गेलं, की सगळी पोकळी इथे ओतते. पुन्हा भरेपर्यंत झरा शांत. माझं खरं मानू नका. ब्रदरनं बाहेर यावं आणि आपण सगळ्यांनी नुसतं गप्प बसावं."

"देवाची परीक्षा पाहणाऱ्यांत मी थांबत नाही!" म्हणत डेलमर ओल्या विजारीनिशी आपल्या ट्रककडे निघाला. निम्मी माणसं त्याच्यामागे गेली.

उरलेली बसून राहिली. बऱ्याच वेळानं नेचे हलले आणि पाणी चढलं, हिरवंच. ह्या खेपेला आरोळी उठली नाही. ज्याच्या त्याच्या कुरणात तसाच एखादा खड्डा होता, आणि तो प्रत्येकाला आठवत होता.

फक्त एक तरुण बाई खाली वाकून कॅन भरू लागली. "माझा नवरा इस्पितळात आहे," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "डॉक्टरांना काही सुधरत नाहीये. मी काय नेऊ त्याच्यासाठी?"

वांडानं तिचा हात धरला. "भर. पण त्याच्या तोंडाला लावू नकोस. आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत दे, विहिरीचं पाणी देतो तसं. ते सांगतील यात काय आहे. ब्रदरवर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही ठेवू नकोस. आधी तपासून घे, बाई. आम्ही कोणीच तपासलं नाही."

मग ती व्हर्लिनकडे वळली. "गाडी काढ. आधी दवाखान्यात चल."