जाळीपलीकडे सांगितलेलं

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीनच्या उपासनेत हार्मोनियम वाजत नाही. घंटाही नाही. स्तोत्र म्हणणाऱ्याचा आवाज उघडा असतो आणि तो कसा आहे ते सगळ्या चर्चला कळतं. म्हणून ते स्तोत्र कुणाला मिळतं, याकडे चर्चच्या मराठी उपासनेला, मिस्साला, येणाऱ्या सगळ्यांचं लक्ष असतं.

शैला भालेराव यांनी ते बावीस वर्षं म्हटलं. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी फादर आनंद त्यांना अंगणात म्हणाले, "शैलाताई, या वेळी स्तोत्र पूर्वाला देऊ. तुम्ही जरा आराम करा."

"मी दमले, असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही."

"मग आराम कसला?"

फादर हसले. शैलाताई हसल्या नाहीत.

पूर्वा सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. दीड वर्षापूर्वी गायनमंडळात आली. कागदाकडे न बघता गायची. पहिल्याच सरावाला तिनं विचारलं होतं, "आंटी, माइक खाली करून देऊ? तुम्हाला पोचत नसेल." माइक बावीस वर्षं त्याच उंचीवर होता.

शैलाताईंनी तिचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि कोथरूडच्या घरात भाजी चिरताना चार वेळा ऐकलं. त्या चूक शोधत होत्या. पाचव्यांदा लावल्यावर त्यांचे पती भीमराव बाहेरून म्हणाले, "छान गाते हो पोरगी. रोज लावत जा." त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही.

तिसऱ्या रविवारी शैलाताई वाकडला भाचीकडे गेल्या होत्या. परतताना एका सभागृहाबाहेर त्यांना पूर्वा दिसली. तिथं दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाची सभा भरते आणि मोठ्या माणसांना टाकीत बुडवून नव्यानं बाप्तिस्मा देतात. पूर्वा स्कूटरवर बसून होती, डोक्यावर हेल्मेट, कपडे कोरडे. आतून ओल्या केसांची एक मुलगी आली, मागे बसली आणि दोघी निघून गेल्या. शैलाताईंनी पाहिलं ते एवढंच.

सोमवारी सकाळी त्यांनी फादरना फोन केला. "सांगावं की नाही कळत नाही, फादर. पूर्वानं तिकडं पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. डोळ्यांनी पाहिलं मी. केस ओले होते."

केस ओले होते हे खरं. ते दुसरीचे होते.

कॅथलिक माणसाचा बाप्तिस्मा एकदाच होतो. दुसरा घेणं म्हणजे चर्च सोडून जाणं. फादरनी पूर्वाला बोलावून विचारलं. ती म्हणाली, रूममेटला आणायला गेले होते. फादर म्हणाले, "सांगणारी व्यक्ती जुनी आहे, विश्वासातली आहे. खरं काय ते कळेपर्यंत तू वाचनपीठावर येऊ नकोस." नाव त्यांनी सांगितलं नाही. चर्चच्या सूचनाफलकावर स्तोत्रापुढे पुन्हा शैला भालेराव हे नाव आलं.

पण पूर्वा यायची थांबली नाही. शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रत्येक कडव्यानंतर सगळ्यांनी म्हणायची ओळ, म्हणजे प्रतिसाद, लोकांबरोबर म्हणायची. तिचा आवाज मागून यायचा आणि पुढच्या बाकांवरच्या माना वळायच्या. उपासनेनंतर बायका तिच्याभोवती जमायच्या. गायनमंडळातल्या नम्रतानं तिच्यासाठी डबा आणला. बावीस वर्षांत शैलाताईंसाठी कुणी डबा आणला नव्हता. स्तोत्र परत मिळालं होतं, तरी त्यांची नजर शेवटच्या बाकावरच.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारी, कन्फेशनसाठी, म्हणजे लोकांची पापकबुली ऐकायला, बाहेरून तीन फादर आले. दरवर्षी लोक परक्या फादरांच्या रांगेत उभे राहतात. आपल्या फादरांपुढे शाळेतली दोन मुलं असतात, तीही आयांनी ढकललेली. शैलाताई त्या मुलांच्या मागे उभ्या राहिल्या.

"अगं, ते आपले फादर," भीमराव कुजबुजले. "आवाज ओळखतील."

"ओळखू देत."

त्यांचा हिशेब सरळ होता. कन्फेशनमध्ये, मधल्या जाळीपलीकडे, एकदा सांगून टाकायचं. फादरना खरं कळेल, ते फलकावरचं नाव बदलतील, आणि कुणापुढे तोंड उघडावं लागणार नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. हेल्मेट, ओले केस, फोन.

"मत्सराची क्षमा देव देतो," फादर म्हणाले. "पण जिचं नाव खराब झालं, तिला ते परत मिळायला हवं. ते मला करता येणार नाही. तुम्हालाच करावं लागेल. कराल?"

"हो, फादर," शैलाताई म्हणाल्या. फादरांना असं म्हणावंच लागतं, असं त्यांनी धरलं. क्षमा मिळाली. घरी जाताना त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला.

मंगळवारी फलकावर त्यांचंच नाव होतं. बुधवारीही. गुरुवारी त्यांनी जवळ जाऊन चष्मा पुसून पाहिलं.

शुक्रवारी अडीच वाजता त्यांनी फादरना सॅक्रिस्टीच्या, म्हणजे उपासनेचे झगे ठेवायच्या खोलीच्या, दारात गाठलं. आत पाच-सहा जण तयारीत होते.

"फादर, पूर्वाचं काय ठरलं?"

"काय ठरायचं? नवं काही कळलेलं नाही."

"अहो, मी सोमवारी..."

"शैलाताई." फादरांचा आवाज खाली आला. "जाळीपलीकडे कोण काय बोललं, ते बाहेर माझ्याजवळ नसतं. त्यावर मला बोलता येत नाही, काही करताही येत नाही. माझ्याजवळ एक फोन आहे, तिसऱ्या रविवारनंतरचा. तेवढाच."

शैलाताईंच्या हातात स्तोत्राचा कागद होता. तो दिला नाही तर आज गायचं त्यांनीच होतं, आणि पुढच्या वर्षीही. फादर मरेपर्यंत बोलणार नव्हते. ही गोष्ट त्यांना लहानपणी शिकवली होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्या उपयोगाची पहिल्यांदाच निघाली होती.

मागच्या बाजूनं पूर्वा पाण्याची बाटली भरायला आली. नळ सॅक्रिस्टीच्या दाराशीच होता.

"तो फोन खोटा होता," शैलाताई म्हणाल्या. आतल्यांनी वर पाहिलं. "मी केला होता. ही टाकीत उतरली नव्हती. स्कूटरवर बसली होती, हेल्मेट घालून. मला ठाऊक होतं."

नळ वाहत राहिला. आतून नम्रतानं पुढे होऊन तो बंद केला.

"का, आंटी?" पूर्वानं विचारलं.

"तू चांगलं गातेस म्हणून."

"हे कारण झालं?"

"नाही. पण दुसरं नाही."

शैलाताईंनी कागद पुढे केला. पूर्वानं तो घेतला नाही. "मला पाठ आहे," ती म्हणाली. "तीन आठवडे ऑफिसच्या बसमध्ये रडत पाठ केलंय. मी माफ केलं असं आत्ता म्हणणार नाही, आंटी. खोटं होईल."

"नको म्हणूस."

"म्हणतच नाहीये."

फादरनी घड्याळ पाहिलं. "पूर्वा, स्तोत्र तू म्हण." एवढंच बोलून ते झगा चढवायला आत गेले.

शैलाताई जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. नम्रता शेजारच्या बाकावरून उठून पुढे गेली. भीमराव आले आणि शेजारी बसले.

पूर्वा वाचनपीठाशी उभी राहिली. माइक तिनं बाजूला सारला. "हे पित्या, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो." चर्चमध्ये पंख्यांचा आवाजही ऐकू येईनासा झाला. दुसऱ्या कडव्यात, भलत्याच जागी, तिचा श्वास तुटला. ती थांबली आणि ओळ पुन्हा उचलली.

शैलाताईंना बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. सोमवारी मत्सराची क्षमा मिळून चार दिवसही झाले नव्हते. पुढच्या वेळी परक्या फादरांच्या रांगेत उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं.

मग प्रतिसादाची वेळ आली. पूर्वानं हात वर केला, लोक म्हणू लागले, आणि शैलाताईंनीही तोंड उघडलं.