खुडूक न बसणाऱ्या कोंबड्या

सयाजी महाराजांनी अंडं उचललं, तीनदा कपाळाला लावलं आणि परातीत फोडलं. बलक आलाच नाही, लालभडक रक्त आलं. तळोज्याच्या मागे खाडीकाठच्या त्या गावठाणात भरदुपारी दीड-दोनशे माणसं जमली होती, ती सगळी एकदम मागे सरकली. कुणी हात जोडले, कुणी पोरांचे डोळे झाकले.

"ही बाई तुमच्या सुनांचे गर्भ खाते," महाराज गरजले. एका गालात मंत्र, दुसऱ्या गालात गुटखा.

ही बाई म्हणजे बायजा. ती आपल्याच अंगणात पडली होती. तिच्या सख्ख्या दिरानं, जानूनं, होडीच्या वल्ह्यानं तिचा डावा हात मोडला होता. गेल्या महिन्यात जानूच्या सुनेचं, अर्पिताचं, मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हापासून त्याला कुणीतरी दोषी हवं होतं. महाराजांनी ते आयतं हातात दिलं.

आणि पुरावा काय, तर म्हणे बायजाच्या कोंबड्या खुडूक बसत नाहीत! अहो, गावठी कोंबडी पंधरा-वीस अंडी घालते आणि मग खुडूक होऊन, अंडी देणं थांबवून, ती उबवायला ठाण मांडते. बायजाच्या कोंबड्यांची जात सुधारित, सरकारी केंद्रातून आणलेली. तिच्यातलं खुडूक बसणं जवळजवळ गेलेलं, म्हणून ती वर्षभर अंडी देत राहते. एवढी साधी गोष्ट. पण जिला आई व्हायचं नाही ती कोंबडी चेटकिणीचीच, असं महाराजांनी सांगितलं आणि शिकलीसवरली माणसंही माना डोलवायला लागली. बायजाकडून पिल्लं नेऊन गावातल्या चौदा बायकांनी खुराडी घातली होती. अंडी सानपाड्याच्या सोसायट्यांत जात होती आणि बायका पोरींच्या क्लासची फी नवऱ्याला न विचारता भरत होत्या. ते कितीतरी जणांना आधीपासूनच खुपत होतं.

आता तो सगळा राग बाहेर पडत होता. तरणी पोरं कोंबड्यांच्या माना पिरगळत होती, खुराड्याच्या फळ्या लाथांनी फोडत होती. रक्त आणि पिसं बायजाच्या तोंडावर उडत होती. धडधाकट कोंबड्या मात्र 'खाडीत शांत करायला' महाराजांच्या टेम्पोत जात होत्या. कुणीतरी रॉकेलचा डबा आणून ठेवला होता. कोंबड्या संपल्या की पाळी आपली, हे बायजाला कळून चुकलं होतं.

महाराजांनी दुसरं अंडं काढलं. बायजानं नीट पाहिलं, हात तिच्या अंड्यांच्या टोपलीकडे जायच्या आधी झोळीत जाऊन आला होता.

"फोडू नको," ती म्हणाली. "आदी बॅटरीवर धर."

जानूनं पुन्हा वल्हं उचललं. तेवढ्यात अर्पिता मध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, मारायचं तर मला मारा. माझा बीपी वाढला होता, डॉक्टरांनी ॲडमिट व्हा म्हणून सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात, अमावास्या जाऊ दे."

वल्हं तसंच वर राहिलं. अर्पितानं महाराजांच्या हातातलं अंडं हिसकलं आणि बायजाशेजारी बसून मोबाइलची बॅटरी लावली. बायजा रोज सकाळी अंडी अशीच पारखायची. पदराच्या अंधारात आधी टोपलीतलं अंडं धरलं, त्यातून केशरी उजेड आला. मग महाराजांचं धरलं, ते काळंकुट्ट. बायजानं त्याच्या बोथट टोकाला नख लावलं. मेणाचा ठिपका निघाला आणि लाल थेंब ओघळला. झोळी उलटी केली तर जाड सुईची सिरिंज, मेणबत्ती, लाल शाई आणि आणखी तीन अंडी. सुईनं बलक ओढायचा, शाई भरायची, भोक मेणानं बुजवायचं, झाला चमत्कार!

मग लोकांनी महाराजांना धरलं. नाक फुटलं, दात पडले. तोच रॉकेलचा डबा आता त्यांच्या अंगावर रिकामा झाला आणि कुणीतरी काडेपेटी काढली.

"थांबा," बायजा मोडका हात पोटाशी धरून उठली. "मना मारलात तवा कोनी इचारला नाय. आता याला जाळताव, तवा पन नाय. सुई याची व्हती, वल्हा तुमचा व्हता. पोलिसांना बोलवा."

काडेपेटी खाली पडली. अर्पितानं फोन लावला. जानूनं वल्हं खाली टाकलं.

"वैनी, मंग आमचा बाळ कोनी मारला?"

"कोनी नाय मारला, जानू. आजार व्हता, दवाखाना व्हता, आपन गेलो नाय. पुढल्या वेळी जाऊ."