वारंगुळ्यातला कॉम्प्युटर

मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याजवळ पत्र्याच्या छताची एक खोली आहे. तिथे खाटेखाली ढकललेली काळी पेटी दिसली, तर तो मी. गेम खेळायचा कॉम्प्युटर होतो मी एके काळी. आता माझ्या पोटात एक जळका डबा तेवढा उरला आहे. माझी हकिकत सुखाची नाही, पण तुमच्यापासून लपवावी अशीही नाही.

मी मूळचा आदिनाथचा. तो केम गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, इथे शिकायला राहिलेला. सुट्ट्यांमध्ये मिळेल ते काम करून त्याने माझा एकेक भाग जमवला, म्हणून मी त्याचा फार लाडका होतो. खोलीतला त्याचा जोडीदार श्रीशैल अक्कलकोटचा. त्याचाही एक कॉम्प्युटर होता, माझ्यापेक्षा तरणाबांड. दोघे शेजारी बसून खेळायचे, हरणाऱ्याला मनसोक्त चिडवायचे आणि एकाच ताटलीत कडक भाकरी नि शेंगाचटणी खायचे. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

मग एका दुपारी वीज कमीजास्त झाली आणि श्रीशैलच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, कायमचा गेला. माझीही गत फार वेगळी नव्हती. नवे गेम मला झेपेनात. पडद्यावर धावणारा माणूस जागोजागी अडखळायचा. शेवटी दोघांनी मला गाडीवर मांडीत धरले आणि प्रभुलिंगशेठच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेले.

शेठने रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवले. "मेमरी न्हाय, कार्ड न्हाय, त्या जातीचा बोर्ड तर कुटंच न्हाय. वरनंच माल येईना. नंबर लावा, पर आशा धरू नका."

दोघांचे चेहरे उतरलेले पाहून त्यांनीच तोड काढली. श्रीशैलच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधले पडद्यावर चित्रे उमटवणारे ग्राफिक्स कार्ड आणि मेमरी धडधाकट होती. ती माझ्यात बसवायची आणि दोघांनी पाळीपाळीने खेळायचे. फक्त एवढ्या दांडग्या कार्डाला वीज पुरवायची माझी ताकद नव्हती. शेठने मोडीतून वीजपुरवठ्याचा एक जुना डबा उचलला आणि फुकट दिला. "म्हातारा हाय जरा. त्याच्या पंख्यातली धूळ काढत जावा, न्हायतर तापंल," ते म्हणाले. दोघांनी माना डोलावल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला नवा जन्म मिळाला. खोलीत येणारा जाणारा माझे कौतुक करायचा. आदिनाथचे वडील, आप्पा, ज्वारीचे पोते घेऊन केमहून आले, तेव्हा मुलांची पाळी लावलेली पाहून त्यांना हसू आवरेना.

"आरं, हा तर वारंगुळा केलाय की तुमी!"

वारंगुळा म्हणजे एकेकच बैल असलेल्या दोन शेतकऱ्यांनी जोडी जुंपायची आणि पाळीने दोघांची रानं करायची. आप्पांनी मलाही पाठीवर थोपटले. मग कुणास ठाऊक का, एकाएकी त्यांचे हसू मावळले आणि ते चहा पीत बसले.

श्रीशैलच्या हातात खरोखर जादू होती. गेम खेळणाऱ्या पुण्याच्या एका संघाने उन्हाळ्यात इंटरनेटवरून खेळाडू निवडायची चाचणी ठेवली होती. निवड झाली तर पगारावर खेळायला मिळणार होते. नाही झाली तर अक्कलकोटला परत येऊन मामाच्या भुसार दुकानात बसायचे, असे त्याच्या आईने, चंद्रव्वाने, फोनवर बजावले होते. "बास की आता. ही चाचणी शेवटची," ती म्हणाली, आणि तो "व्हय" म्हणाला.

माझी काळजी दोघेही घ्यायचे, पण कशी ते ऐका. आदिनाथ स्वतःचा बोर्ड ब्रशने झाडायचा. श्रीशैल स्वतःचे कार्ड मऊ फडक्याने पुसायचा. डब्याला कुणी हात लावत नव्हते. आदिनाथला वाटे, डबा श्रीशैलच्या कार्डासाठी आणला, तो त्याने बघावा. श्रीशैलला वाटे, डबा आदिनाथच्या पेटीत बसला, तो त्याने बघावा. सोलापूरचे ऊन चढू लागले तसा डबा घरघरू लागला. आपापल्या पाळीत दोघांनीही ती घरघर ऐकली आणि दोघांनीही कानाआड केली. मला सगळे समजत होते, पण मला तोंड कुठे होते?

चाचणीच्या दुपारी पाळी आदिनाथची होती. त्याने ती आनंदाने सोडली. श्रीशैलच्या मागे उभा राहून तो वहीने वारा घालत होता, श्रीशैलला. छताचा पत्रा नुसता भाजत होता. श्रीशैल पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे राहिला. दुसऱ्या फेरीतही तो जिंकत आला होता. तेवढ्यात माझ्या आत फट्कन आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. डब्याने जाताना कार्डही नेले आणि बोर्डही.

श्रीशैलने माझे बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. मग म्हणाला, "तुझ्या डब्यानं माझं कार्ड खाल्लं."

"माझा डबा?" आदिनाथ म्हणाला. "तुझ्या कार्डापायीच आणला होता की!"

त्यापुढे दोघांत जे बोलणे झाले ते तुम्हाला सांगण्यासारखे नाही. संध्याकाळी श्रीशैलने आपले मेलेले कार्ड आणि मेमरी टॉवेलात गुंडाळली आणि तो अक्कलकोटला निघून गेला. आदिनाथने बोर्ड काढून दुकानात नेला. शेठने तो उलटून पाहिला आणि मोडीत टाकला.

पुढे आप्पा परत आले. रिकामी खाट बघून त्यांनी काय झाले ते विचारले. आदिनाथने सांगितले. आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, "माझा वारंगुळा बांधाशेजारच्या रामहरीसंगं होता. जू टोचत होतं. तासायचं कुणी, यावरनं दोघं अडून बसलो. बैलाचा खांदा सडला, मेला बिचारा. पुन्यांदा आमी बोललो न्हाय. रामहरी वारला तवा मी मातीलाबी गेलो न्हाय. लई वाईट केलं मी."

आप्पा गाडीला गेल्यावर आदिनाथने श्रीशैलला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तसेच झाले. मग त्याने मला खाटेखालून ओढले, ब्रश घेतला आणि डब्याचा पंखा झाडायला बसला. धुळीचे जाड थर निघाले. तो मुकाट्याने रडत होता आणि झाडत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे काहीतरी असेल, जे दोघांचे आहे म्हणून कुणाचेच नाही. त्याची घरघर कानावर आली, तर ते कुणाचे हे नंतर ठरवा, आधी त्याला हात लावा. माझा डबा आता अगदी स्वच्छ आहे. त्याचा पंखा मात्र फिरत नाही, आणि अक्कलकोटहून फोन काही आलेला नाही.