गेंदीला धरायला कोण

"पाय उचलायच्या आधी अंगावर हात ठेव. घोड्याला कळू दे तू कुठं हाईस ते. मुक्यानं मागनं गेलीस तर स्वतःचे दात मुठीत घिऊन घरी जाशील."

महालिंगप्पा ओट्यावर बसून बोलत होते आणि अर्पिता गेंदीचा मागचा पाय मांडीवर घेऊन खुरातली घाण आकडीनं काढत होती. वैशाखातलं ऊन. नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून आत माळावर श्रीमंतरावांचा तबेला. सकाळीच पत्रा तापून तडतडायला लागायचा. खाली मुरूम असा की पहार मारली तर ठिणगी उडावी. तिथं गवताची काडी उगवत नाही, पण श्रीमंतरावांनी बोअर मारून, शेड उभारून घोडी पाळली होती आणि वर शिकवणीचा वर्गही काढला होता.

अर्पिता आमच्या गल्लीतली, बब्रुवानची थोरली. पोलीस भरतीत पळाली चांगली, पण उंचीत बोटभर कमी पडली. मग घरी बसून शेळ्या राखत होती. तबेल्याची पाटी तिनं हायवेवर वाचली. घोड्याची निगा, खुरं कापणं, नाल ठोकणं, फिरवणं, गाडीत चढवणं, सगळं हातानं करून शिकवणार; शिकून झालं की पुण्याकडं रायडिंग क्लबात काम लागतं. गावानं नाकं मुरडली. पारावरचा सोमलिंग म्हणाला, "पोरीच्या जातीनं घोड्याची लीद उचलायची व्हय?"

कडूबाई, तिची माय, डोक्यावरची पाटी खाली न ठेवता म्हणाली, "म्हशीचं शेण उचलती तवा कुणी इचारलं न्हाय."

तेवढ्यावर विषय मिटला.

शिकवायला महालिंगप्पा. जन्म घोड्यात गेलेला माणूस. तिकडं कर्नाटकात, नंतर पुण्यात, कुठं कुठं चाबूकस्वार म्हणून, घोडी शिकवायला राहिलेले. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आणि गेंदी ही यात्रेतून आणलेली कुमैत घोडी. रंग पिकल्या खारकेसारखा, कपाळावर पांढरा टिळा. अंगानं देखणी, पण टेम्पो बघितला की थरथर कापायची. कधीतरी चालत्या गाडीत पडली असावी, गुडघ्यावर जुना व्रण होता. लग्नाच्या वरातीला न्यायची घोडी गाडीत चढंना तर तिचा काय उपयोग?

आप्पांनी ते काम अर्पितावर सोपवलं. "ओढायची न्हाय, मारायची न्हाय. बेडा, नगंच ते. तू आधी फळीवर बस, ती बघू दे."

अर्पिता रोज टेम्पोच्या फळीवर हरभऱ्याची चंदी मांडीवर घेऊन बसायची. गेंदी लांबून फुरफुरायची. मग जवळ आली. मग एक खूर फळीवर ठेवला आणि लाकडाच्या आवाजानं परत पळाली. असं करत करत एक दिवस ती अर्पिताच्या मागं मेंढरासारखी सरळ आत चढली. आप्पांनी शाब्बास म्हटलं नाही. खिशातली सुपारी काढून अर्धी अर्पितापुढं धरली. त्या दिवशी अर्पिता घरी आली ती चालत नव्हती, तरंगत होती.

गेंदी आता दुसऱ्या कुणाच्या हातून फळीवर पाय ठेवायची नाही.

मग तिचं नाक वाहायला लागलं. आधी वाटलं धुळीनं. पण शेंबूड घट्ट, पिवळा, एकाच नाकपुडीतून. मागच्या पायावर आतल्या बाजूनं बारीक गाठी आल्या. आप्पांनी गाठींवरनं नजर फिरवली आणि अर्पिताचा हात मागं ओढला.

"हात धू. साबणानं. आन डॉक्टरला फोन लाव."

"काय झालंय आप्पा?"

"ते म्या सांगायचं न्हाय. रगत सांगंल."

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या, अंगानं बारीक, पण बोलायला ठाम. सगळ्या घोड्यांचं रक्त घेतलं. काही दिवसांनी परत आल्या तेव्हा तोंडाला मास्क होता. बाकीची घोडी चांगली निघाली होती. गेंदीचं रक्त खराब.

"ग्लँडर्स आहे," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी दुसरा नमुना हरियाणाला पाठवते. तोपर्यंत एकही जनावर इथून हलवायचं नाही. गेंदीला वेगळी बांधा. हा रोग माणसालाही होतो."

"औषध?" अर्पितानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "घोड्याला औषध द्यायला परवानगीच नाही गं. बरी दिसली तरी रोग आत राहतो आणि दुसऱ्यांना लागतो. दुसरा रिपोर्टही तसाच आला, तर तिला शांतपणे झोपवावं लागेल."

त्या दिवसापासून अर्पिताचं जेवणावरचं मन उडालं. हातमोजे घालून, तोंड बांधून ती गेंदीला पाणी पाजायची. गेंदीला काय कळणार? ती आपली नाक पुढं करायची, लाडानं घासायला. अर्पिता मागं सरकायची. घोडी खुळ्यासारखी बघत राहायची.

दुसरा रिपोर्ट यायच्या आत श्रीमंतरावांनी डाव मांडला. भर दुपार, ऊन असं की हायवेवरचे ढाबेवालेही बाजेखाली सरकलेले. माळावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात एक टेम्पो येऊन तबेल्यापुढं लागला.

"अर्पे, गेंदीला गाडीत चढव," श्रीमंतराव म्हणाले.

"कुठं न्यायची?"

"सीमेपल्याड माझा मेव्हणा हाय. त्याच्या मळ्यात ऱ्हाईल."

"मालक, डॉक्टरीणबाई म्हणल्या हलवायची न्हाय."

"म्हणणाऱ्याचं काय जातंय? ज्याचं जळतं त्याला कळतं." श्रीमंतराव काही राक्षस नव्हते. त्यांचाही आवाज फुटत होता. "उद्या ते पांढरे कपडे घालून येतील, सुई टोचतील, खड्ड्यात ढकलतील. तबेल्याचं नाव खराब हुईल. वर्ग बंद. तुझी पुण्याची नोकरी बी गेली. आन ही घोडी? तुझ्या हातनं खाती ती. तुझा जीव हाय ना हिच्यावर? मग जगव की."

अर्पितानं आप्पांकडं बघितलं. आप्पा जमिनीकडं बघत होते. खालच्या मानेनं पायाच्या अंगठ्यानं मुरूम उकरत होते.

"आप्पा, तुमी तरी बोला."

"म्या काय बोलू अव्वा," ते म्हणाले. "ह्या वयात मला कोण ठिवून घेणार दुसरीकडं?"

अर्पितानं गेंदीची दोरी सोडली. तिनं मला नंतर सांगितलं, "काकू, त्या वक्ताला माझ्या मनात दुसरं काय नव्हतं. जगंल, एवढंच." ती पुढं झाली, गेंदी मागं. गेंदीनं टेम्पो बघितला, कान मागं पाडले, पण पुढं अर्पिता होती म्हणून आली. फळीवर एक खूर ठेवला. मग दुसरा.

टेम्पोचा ड्रायव्हर आत उभा होता. धोंडप्पा त्याचं नाव, पलीकडच्या कुठल्याशा गावचा, हसऱ्या तोंडाचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं घोडीचं नाक वाहताना बघितलं आणि "सर्दी झाली का बाईसाहेबांना" म्हणत गळ्यातल्या गमजानं पुसलं. मग त्याच गमजानं स्वतःच्या कपाळावरचा, तोंडावरचा घाम पुसला.

अर्पिता जागच्या जागी थांबली.

"भाऊ, तो गमजा टाका," ती म्हणाली. "आत्ता टाका. तोंड धुवा साबणानं."

"कामून?"

"रोग हाय हिला. माणसाला लागतो."

धोंडप्पानं श्रीमंतरावांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघायला लागले. ड्रायव्हरनं गमजा फेकला आणि उडी मारून खाली उतरला. अर्पितानं गेंदीच्या छातीला हात लावला आणि पाऊल पाऊल मागं घेतलं. घोडीला ते काही समजंना. इतके दिवस चढ चढ म्हणणारी आता उतर म्हणत होती.

"तुला म्या काय सांगितलं?" श्रीमंतराव पुढं आले.

"मालक, हितं एक मरंल. तिकडं किती मरतील त्याचा हिशेब न्हाय. मेव्हण्याच्या घरात माणसं असतील. आसपास गाढवं, घोडी असतील. म्या चढवणार न्हाय."

"मग उद्यापासून ह्या माळावर पाय ठिवू नको."

"बरं."

एवढंच बोलली. पण दोरी सोडायच्या आधी तिनं गेंदीला वेगळ्या शेडमध्ये नेऊन बांधलं, पाणी भरलं. बाहेर आली तर आप्पा टेम्पोची फळी ओढून बाजूला टाकत होते. म्हातारा धापा टाकत होता. श्रीमंतरावांकडं न बघता म्हणाला, "गाडी जाऊ द्या मालक. आता म्या बी न्हाय चढवू देणार."

दुसरा रिपोर्ट आला, तोही तसाच.

त्या सकाळी अर्पिता घरी भांडी घासत होती. आप्पांचा फोन आला. "अव्वा, घोडी कुणालाच जवळ यिऊ दिना. पांढऱ्या कपड्यातली माणसं बघून बिथरलीया. भिंतीवर डोकं आपटायलीय. धरल्याबिगर सुई कशी द्यावी? दोरखंडानं पाडा म्हणायलेत. असं नगं व्हायला."

बब्रुवान, तिचा बाप, दारात उभा राहिला. "न्हाय जायचं. रोगाचं घर हाय ते. आधीच गावात बोंब झालीया. आन ज्यानं हाकललं त्याच्या दारात?"

"दादा, त्याच्या दारात न्हाय चालले," अर्पिता म्हणाली. हातातलं पातेलं तसंच होतं, राखेचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. "तिला पाडून मारतील. तिला वाटंल सगळी माणसं सारखीच."

बब्रुवाननं तिच्या हातातलं पातेलं काढून खाली ठेवलं. मग आत जाऊन मोटारसायकलची किल्ली घेऊन आला. "बस मागं," म्हणाला.

माळाच्या कडेला जेसीबीनं खोल खड्डा काढला होता. चुन्याच्या गोण्या रचलेल्या. श्रीमंतराव कुठं दिसत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी अर्पिताला पांढरा पोशाख घातला, मोजे, चष्मा, मास्क. नुसते डोळे दिसत होते. अर्पिता जवळ गेली तर गेंदीनं पुढचे दोन्ही पाय उचलले. अर्पितालाही तिनं ओळखलं नाही.

अर्पिता थांबली. एका बाजूनं, खांद्याच्या रेषेत उभी राहिली, जसं आप्पांनी शिकवलं होतं तसं. आणि बोलायला लागली. "गेंदे. ए गेंदे. म्या हाय की. चंदी खायची न्हाय आज? बघ इकडं."

घोडीचे कान फिरले. एक इकडं, एक तिकडं. मग दोन्ही पुढं. ती फुरफुरली आणि मान खाली घातली.

अर्पितानंच तिला खड्ड्यापर्यंत नेली. तिनंच डोकं धरलं. आधी गुंगीची सुई दिली, मग दुसरी. डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, "आता बाजूला हो, पडेल." अर्पितानं दोरी लांब धरली, पण सोडली नाही. गेंदीचे पुढचे गुडघे आधी वाकले, जशी बसायला निघाली. मग ती आडवी झाली. चष्म्याच्या आत अर्पिताला दिसेनासं झालं, आणि डोळे पुसायला हात न्यायची परवानगी नव्हती.

नंतर चुना पडला, माती पडली. तिचा पोशाख जाळला. बब्रुवान लांब बांधावर उभा होता. लेक जवळ आल्यावर म्हणाला, "पाणी पी." बस्स.

अर्पिताचं, आप्पांचं रक्त तपासलं. त्या ड्रायव्हरलाही शोधून तपासलं. तिघंही चांगले निघाले. पण गावाला रिपोर्ट कोण वाचून दाखवणार? गिरणीत कडूबाईचं दळण बाजूला ठेवायला लागले. हापशावर अर्पिता गेली की बायका घागरी उचलून मागं सरायच्या. एक पाहुणे बघायला येणार होते, त्यांनी येणं टाळलं. आणि श्रीमंतरावांनी जिथं तिथं सांगितलं, की त्या पोरीनं माझी घोडी खाल्ली. म्हणतात ना, घोडं मेलं ओझ्यानं आन शिंगरू मेलं हेलपाट्यानं. पोरीच्या वाट्याला दोन्ही आलं. मी तिला घरात बोलावून चहा दिला तर शेजारणीनं माझ्याकडं दही मागायचं बंद केलं.

जनावरं हलवायची बंदी उठली तोवर सोयाबीन शेंगांवर आलं होतं. तबेल्यात वर्ग परत सुरू झाला. पण अर्पिताला बोलावणं आलं नाही, आणि शिक्षण पुरं झाल्याचा कागदही दिला नाही. एक दिवस आप्पाच आमच्या गल्लीत आले. खांद्याला पिशवी, तिच्यात हातोडी, कानस, खुरं कापायची कात्री.

"मालकाचं काम सोडलं म्या," ते ओसरीवर टेकत म्हणाले. "गावोगाव फिरून खुरं करतो. आता वाकायला हुत न्हाय. तू येतीस का जोडीला?"

"कागद न्हाय माझ्याकडं आप्पा."

"घोडं कागद बघत न्हाय अव्वा."

कडूबाईनं भाकरी बांधून दिली.

पहिलं काम परंड्याकडं निघालं. सिद्धाराम म्हणून एक जण, वरातीची पांढरी घोडी बाळगणारा. आप्पांची ओळख होती. दोघं एसटीनं गेले. घोडी अंगणात लिंबाखाली बांधलेली, अंग पुसून लखलखीत. सिद्धारामनं अर्पिताला वरपासून खालपर्यंत बघितलं. बायकोनं त्याला दाराशी बोलावून काहीतरी कुजबुज केली. तो परत येऊन उभा राहिला.

"नळदुर्गची घोडी," तो म्हणाला. "ज्या पोरीनं धरून मारू दिली म्हणत्यात, ती तूच का?"

आप्पा बोलायला गेले. अर्पितानं त्यांना थांबवलं.

"व्हय, म्याच," ती म्हणाली.

सिद्धारामनं पाठीमागं हात बांधून अंगणात एक फेरी मारली. मग घोडीजवळ गेला, गाठ सोडली आणि दोरी अर्पितापुढं धरली.

"खुरं ऱ्हाऊ दे आधी," तो हळू आवाजात म्हणाला. "परवापासनं जरा ठसकती ही. नाक बघ हिचं. आन जे आसंल ते खरं सांग."

अर्पितानं पिशवीतून हातमोजे काढून घातले आणि घोडीच्या खांद्यावर हात ठेवला.