चौदा वर्षांचे त्र्याण्णव सेकंद

आमच्या दुकानातला कम्प्युटर म्हातारा झालाय, हे कबूल करायला आमच्या ह्यांना चार वर्षं लागली. सकाळी त्याचं बटण दाबलं की मी दुकान झाडायची, काउंटरची काच पुसायची, चहा टाकायची, तो गाळून प्यायची, तरी पडद्यावर आपलं ते गोल गोल फिरतच असायचं. "येतोय, येतोय," हे म्हणायचे. जसा काही पाहुणाच जिना चढून वर येत होता.

आमचं दुकान रबरी शिक्क्यांचं. डॉक्टर, वकील, शाळा, गोदामं, सगळ्यांचे शिक्के आम्ही करतो. कम्प्युटरवर अक्षरं जुळवायची, ती उलटी करून छापायची, मग साच्यात पातळ रबर ओतून दिव्याच्या पेटीत ठेवायचं. तेवढी सहा-सात मिनिटं हाताला काही काम नसतं. त्या सहा-सात मिनिटांनीच आमच्या घरात चौदा वर्षं सुरुंग पेरून ठेवला होता.

झालं असं, की ह्यांनी शिक्के कोरणारं नवं लेझर मशीन आणलं आणि ते जुन्या कम्प्युटरला ओळखच दाखवेना. तेव्हा कुठे ह्यांनी पुतणीला फोन केला. तिला घरात सगळे खुडबुड म्हणतात. पाच वर्षांची असताना तिनं माझा मिक्सर उघडून बसवला होता आणि तीन स्क्रू उरले होते. आता तिचं स्वतःचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि स्क्रू उरत नाहीत.

खुडबुड आली, कम्प्युटरचं झाकण काढलं आणि दोन शिंका दिल्या.

"काका, दोन रस्ते आहेत," ती म्हणाली. "एक म्हणजे अपग्रेड. आहे त्याच्यावर नवी सिस्टिम चढवायची. सगळं जागच्या जागी राहील, पण पंधरा वर्षांचा कचराही जागच्या जागी राहील. दुसरा रस्ता, सगळं पुसून टाकायचं आणि कोऱ्या पाटीवर नवं घालायचं. तुमची शिक्क्यांची डिझाइन्स मी आधी काढून ठेवते. खरं सांगू? पुसूनच टाका. पळायला लागेल."

"अपग्रेड," हे म्हणाले.

"अहो काका, पण..."

"अपग्रेड म्हणजे अपग्रेड!"

मी मागच्या खोलीत रबर कापत होते. मला हसू फुटलं. ह्यांना काय वाचवायचं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्या कम्प्युटरमध्ये सुरुंगांचा एक जुना खेळ होता. चौकोनच चौकोन, त्यातल्या नव्व्याण्णवांखाली सुरुंग. एकेक चौकोन उघडायचा, आजूबाजूला किती सुरुंग आहेत ते आकड्यांवरून ओळखायचं आणि एकावरही पाय न देता मैदान साफ करायचं. वर घड्याळ पळत असतं. सगळ्यांत कमी वेळ लागला तर चौकट येते, नाव विचारते आणि ते नाव तिथे राहतं. शिक्का पेटीत असला की हे खेळत बसायचे. ह्यांचा विक्रम होता एकशे अठरा सेकंदांचा.

चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी हे शाळेत शिक्के पोचवायला गेले होते. माझा एक शिक्का पेटीत होता. बसले मी. हात नुसते चालत होते, कसे ते मलाही कळत नव्हतं. शेवटचा चौकोन उघडला आणि घड्याळ थांबलं. त्र्याण्णव! चौकट आली. तिच्यात आधीचं नाव, म्हणजे ह्यांचं नाव, आपोआप आलेलं होतं. मी ते खोडणार, तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं काउंटरवर किल्ल्या आपटल्या. "ताई, जरा लवकर!" मी दचकले आणि बोट पडलं भलत्याच बटणावर. त्र्याण्णव सेकंद ह्यांच्या नावावर जमा झाले.

संध्याकाळी सांगू म्हटलं. पण हे परत आले, यादी उघडली, पडद्याकडे बघत बसले. तेवढ्यात कुरिअरवाला आला. हे त्याला म्हणाले, "बघितलंस? त्र्याण्णव!" त्यानं तोंडभर कौतुक केलं आणि ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी मूग गिळून बसले. म्हटलं, आज ना उद्या स्वतःहून बोलतील. आपण एवढे भराभर खेळलो नाही, हे माणसाला कळत नाही का? नाही बोलले. मग मलाही इरेला पेटल्यासारखं झालं. बघू किती दिवस रेटताहेत! चौदा वर्षं रेटलं. कुणीही आलं की त्र्याण्णव. ह्यांच्या तोंडून तो आकडा निघाला की मी रबर जरा जास्तच जोरात कापायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? ह्या दुकानात सगळ्यांत भारी असं मी एकच काम केलं होतं आणि त्यावर नाव दुसऱ्याचं.

म्हणून मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि खुडबुडीला म्हणाले, "पुसून टाक गं. कोरं करकरीत होऊ दे."

"पुसायचं नाही!" हे ओरडले.

"का? त्यात काय एवढं सोनं ठेवलंय?"

खुडबुड एकदा ह्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. "त्या खेळासाठी चाललंय का हे? काका, खेळ मी नव्यातही घालून देते. फक्त जुने विक्रम येणार नाहीत. ते खेळात नसतात, सिस्टिममध्ये असतात."

"मग काय," मी म्हटलं, "नवे करतील की तुझे काका. त्यांना काय अवघड आहे?"

ह्यांनी मान खाली घातली. मला जिंकल्यासारखं वाटलं. डिझाइन्स काढून झाली, खुडबुडीनं नव्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसायचं, नक्की? तिचं बोट बटणावर गेलं.

"थांब!" कोणीतरी किंचाळलं. ती मीच होते.

पुसलं की संपलं, हे मला त्या क्षणी कळलं. ह्यांचं नाव जाणार होतं, पण त्याबरोबर माझे त्र्याण्णवही जाणार होते. मग ते मी केले होते, हे जगात कुठेच राहणार नव्हतं.

"काकू, आता तुम्हाला काय झालं?"

डोळ्यांत पाणी आलं, तेही एका खेळासाठी. मला माझीच लाज वाटली.

हे उठले. खालच्या खणात हात घालून अगदी मागून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत शिक्का होता, लाकडी मुठीचा. रबर इतकं जुनं, की कडेनं पिवळं पडलेलं. मी शिक्के करणारी बाई, उलटी अक्षरं मला सुलट वाचता येतात. त्याच्यावर माझं नाव होतं. खाली: त्र्याण्णव सेकंद.

"दुसऱ्याच दिवशी केला होता," हे म्हणाले. "सकाळी तुझा चष्मा कीबोर्डमागे सापडला अगं. मला तेव्हाच कळलं. पण आदल्या दिवशी त्या कुरिअरवाल्यापुढे फुशारकी मारून बसलो होतो. म्हटलं, तू भांडशील, तेव्हा देईन. तू भांडलीच नाहीस."

"मी भांडत नाही? मी?"

"एरवी दिवसातून चार वेळा भांडतेस! नेमकं ह्याच्यावरूनच गप्प बसलीस. मग दरवर्षी ते आणखी अवघड होत गेलं. पण म्हणून ते पुसू कसं द्यायचं? तुझं होतं ते."

म्हणजे हा माणूस अपग्रेड, अपग्रेड म्हणून अडून बसला होता, तो माझ्यासाठी. एवढा आनंद झाला, की मी त्यांच्या दंडावर एक चापट मारली.

"चौदा वर्षं!" खुडबुड कपाळाला हात लावून म्हणाली. "कम्प्युटर राहू दे, आधी तुम्हा दोघांनाच फॉरमॅट करायला हवं."

तिघंही पोट धरून हसलो. मग ह्यांनी जांभळी शाई आणली आणि काउंटरमागच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा, तो शिक्का दाबला. जुनं रबर, एक कोपरा नीट उमटला नाही. पण नाव स्वच्छ आलं.

"आता पूस," मी खुडबुडीला म्हटलं.

तासाभरात कम्प्युटर असा सुरू व्हायला लागला, की चहाचं आधण ठेवायलाही वेळ मिळेना. लेझर मशीननं ओळख दिली. खेळही आला, त्याची यादी कोरी. हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बस."

पहिल्या काही चौकोनांतच दोनदा सुरुंग फुटला. ह्यांना हसू आवरेना. तिसऱ्यांदा बोटं कशीबशी जुळली आणि घड्याळ थांबलं. एकशे बासष्ट! फार काही नाही. पण कोऱ्या यादीत तोच विक्रम. चौकट आली, रिकामी.

काउंटरवर किल्ल्या वाजल्या. "ताई, शिक्का झाला का? जरा लवकर!"

"थांबा जरा," मी म्हटलं आणि एकेक अक्षर शोधून माझं नाव लिहिलं.