वाळवंटात ऊन शोधताना

आषाढी एकादशीला वीणाताईंनी मनातल्या मनात नेम धरला: कार्तिकीपर्यंत रोज सूर्यदर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. चहा-दूध चालेल, पोळी-भात नाही. त्यांच्या आईनं हाच नेम सांगलीत पाच वर्षं केला होता. पण सांगली कुठे आणि कॉव्हेंट्री कुठे. सांगलीत सूर्य ढगाआड जातो. कॉव्हेंट्रीत तो ढगांतून कधीतरी पाहुण्यासारखा डोकावतो, आणि पाहुणाही असा, की अंगातला कोट न काढताच उठणारा.

नेमाबद्दल त्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. सांगितलेलं व्रत म्हणजे झाकण उघडं राहिलेलं लोणचं, असं आई म्हणायची. त्यामुळे त्यांच्या यजमानांना, ज्ञानेश्वररावांना, एवढंच दिसायचं की बायको हल्ली मागच्या गार्डनमध्ये फार रमते. कधी सकाळी सातलाच काम व्हायचं. कधी दुपारी तीनला, सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये, ट्रॉली तशीच सोडून त्या हात जोडून उभ्या राहायच्या. एकदा शेजारच्या गाडीतल्या बाईंनी त्यांना उलट नमस्कार केला होता.

एकूण नेम बरा चालला होता, तेवढ्यात रविवारी प्रणव आला.

प्रणव हा त्यांचा मुलगा, ब्रिस्टलला विमानांच्या पंखांचा इंजिनीअर. ज्ञानेश्वररावांना ऑगस्टमध्ये सत्तर पूर्ण होणार होती आणि त्यांना वाळवंट दाखवायचं हे त्यानं जानेवारीतच ठरवलं होतं. त्याला कारण होतं. ज्ञानेश्वररावांची पस्तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात गेली. गाड्या चाचणीसाठी वाळवंटात जायच्या, आणि हे इथे थंडीत, खोलीतल्या रेडिएटरच्या उबेला बसून त्यांचे रिपोर्ट वाचायचे. गाडीनं पाहिलेली वाळू आपण एकदा पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

प्रणवनं लॅपटॉप उघडला. ओमानचे बारा महिने बारा रकान्यांत होते. नोव्हेंबर ते मार्च हिरवे, एप्रिल आणि ऑक्टोबर पिवळे, आणि मधला सगळा उन्हाळा लालभडक. अडचण अशी, की हिरव्या महिन्यांत त्याच्या बायकोला, मीनलला, रजा नव्हती. पिवळ्यात नऊ वर्षांच्या लेकीची, अक्षराची, शाळा होती. सगळ्यांना जमत होता तो ऑगस्टचा एक आठवडा, आणि तो इतका लाल होता की त्यावरचे आकडे वाचायला चष्मा लागावा.

सोबत आलेल्या मीनलचं म्हणणं, हा रंग तिला मान्य नाही. तिच्या नागपूरला सेहेचाळीस डिग्रीत लग्नं लागतात आणि नवरदेव सूट घालून घोड्यावर बसतो. प्रणव म्हणाला, घोड्याचं मत कुणी घेतलं होतं का. मग त्यानं लॅपटॉप मिटला आणि सांगून टाकलं, की वाळवंट रद्द. त्याऐवजी स्कॉटलंडला तळ्याकाठी एक कॉटेज बघून ठेवलंय. गारवा, शांतता, आठवडाभर छान ढगाळ हवा.

ज्ञानेश्वरराव म्हणाले, चालेल की. सत्तर वर्षांचा माणूस ज्या आवाजात 'चालेल की' म्हणतो, त्याच आवाजात.

वीणाताईंच्या हातातला पोहे वाढायचा डाव तसाच राहिला. आठवडाभर छान ढगाळ हवा. त्यांच्या डोळ्यांसमोर सात दिवसांची सात रिकामी ताटं येऊन गेली.

"वाळवंटच बरं," त्या हळूच म्हणाल्या. "उन्हाचं मला काही वाटत नाही."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ही तीच बाई, जी पंचवीस डिग्रीला घरातले पडदे ओढून घेते. पण त्या डाव पुढे करून पोहे वाढत राहिल्या, आणि प्रणवला भरून आलं. बाबांच्या हौसेपायी आई होरपळून घ्यायला तयार झाली, असं त्यानं परत जाताना गाडीत मीनलला तीनदा सांगितलं. अशा आईसाठी काहीतरी करायलाच हवं होतं. त्यानं पुन्हा लॅपटॉप उघडला, आणि यावेळी कुणालाच नेमकं ठिकाण न सांगता ओमानची तिकिटं काढली.

मस्कतला विमान बदललं, तोवर ठीक होतं. विमानतळाच्या काचेतून झगझगीत ऊन दिसलं, वीणाताईंनी हात जोडले आणि पराठा खाल्ला. दुसरं विमान दक्षिणेकडे निघालं. तासाभरानं ते खाली येऊ लागलं ते सरळ ढगात शिरलं, आणि जमिनीला टेकलं तरी ढग काही संपला नाही.

बाहेर भुरभुर पडत होती. डोंगर हिरवेगार. रस्त्याकडेला नारळवाल्यांच्या टपऱ्या, आणि धुक्यातून संथपणे चालणारे ओले उंट. आखाती देशांतून आलेली अख्खी कुटुंबं गवतावर सतरंज्या टाकून भिजत बसली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर लग्नघरचा आनंद होता.

"सलाला," प्रणव म्हणाला. महिनाभर पोटात दाबून ठेवलेलं आता त्याला आवरेना. "सगळा देश भाजत असताना एवढ्याच पट्ट्यात पावसाळा असतो. खरीफ म्हणतात, आपला खरीप तोच. आई, चोवीस डिग्री. तीन महिने इथे ऊन पडतच नाही. तुझ्यासाठी शोधलं."

"हो का रे," वीणाताई म्हणाल्या. "छान आहे हो."

दुसऱ्या दिवशी नेमाशी खरी गाठ पडली. सकाळी त्यांनी पित्ताचं कारण सांगून चहावर भागवलं. दुपारी म्हणाल्या, प्रवासानं जड झालंय. मधल्या वेळात खोलीच्या गॅलरीत चौदा वेळा जाऊन आल्या. आकाश म्हणजे धुऊन वाळत घातलेली, पण न वाळलेली चादर. शेवटी खाली जाऊन त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, सूर्य साधारण कधी दिसेल. तिला वाटलं या बाईंना उन्हाची धास्ती आहे. तिनं छातीवर हात ठेवून त्यांना धीर दिला, की अजिबात काळजी करू नका, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नाही.

परत येताना कॉरिडॉरमध्ये ज्ञानेश्वरराव भेटले. डोक्यावर वाळवंटासाठी घेतलेली रुंद काठाची टोपी, हातात छत्री. वाळूचा कणही दिसला नव्हता त्यांना.

"कॉव्हेंट्रीतच आहोत असं वाटतंय," ते म्हणाले. "फक्त उंट जास्त. पण तुला बरं वाटतंय ना गारव्यात? मग झालं."

आता यांना काय सांगायचं. हे आपल्यासाठी गप्प, आपण नेमासाठी गप्प, आणि प्रणव खुशीत. वीणाताईंनी रात्री दूध घेतलं आणि देवाला म्हणाल्या, मी वाळवंटापर्यंत आले, आता थोडं तू ये.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी ताटली पुढे ओढली, खिडकीतून वर बघितलं आणि ताटली पुन्हा मागे सारली. समोर मीनल बसली होती. तिनं हे कालपासून चारदा पाहिलं होतं. प्रणव आणि ज्ञानेश्वरराव कॉफी आणायला उठले तशी ती शेजारच्या खुर्चीवर आली.

"आई, तुम्ही काही सांगू नका," ती म्हणाली. "माझी आजी चातुर्मासात अशीच ताट आणि आभाळ आळीपाळीनं बघायची. मी विचारत नाही. तुम्ही फक्त पायात बूट घाला."

मग ती नवऱ्याकडे गेली आणि आवाज चढवून म्हणाली, की ती नागपूरची आहे, तिला इथे बुरशी येतेय, आणि आज ऊन दिसलं नाही तर ती माहेरी जाईल. प्रणवचा चेहरा पडला. एवढा शोध, एवढा हिशेब, आणि घरच्यांना ऊन हवं. नारळवाल्याला विचारलं तर त्यानं डोंगराकडे बोट केलं. वर चढा, पलीकडे उतरा, हवं तेवढं आहे, फुकट आहे, पण कशाला?

हॉटेलातून रोट्या आणि भाजी बांधून घेतली. भाड्याच्या गाडीनं घाट चढायला सुरुवात केली. धुकं इतकं दाट, की दिवे लावूनही पुढच्या गाडीचं मागचं अंगच तेवढं दिसावं. अक्षरा डॅशबोर्डवरचं तापमान मोठ्यानं वाचत होती. तेवीस. बावीस. पुन्हा बावीस. वीणाताई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या, आणि पोटातून येणारे आवाज ओढणीखाली दाबत होत्या.

आणि माथ्यावर धुकं संपलं. विरळ होत गेलं नाही, सुरीनं वडी कापावी तसं संपलं. मागच्या आरशात पांढरी भिंत, पुढच्या काचेत निळं आकाश आणि क्षितिजापर्यंत पिवळी, उघडी जमीन. अक्षरा ओरडायला लागली: एकोणतीस, चौतीस, अडतीस, एक्केचाळीस.

गाडी थांबली. वीणाताई उतरल्या. सूर्य डोक्यावर आला होता, कोट नाही, ढग नाही, कुठे जायची घाई नाही. त्यांनी बाटलीतलं ओंजळभर पाणी सोडलं, ते जमिनीला लागायच्या आत अर्धं वाळलं. मग त्या गाडीच्या सावलीत बसल्या, रोटीचा तुकडा तोडला आणि गार भाजी अशी जेवल्या, की मीनलनं दुसरी रोटी पुढे केली.

प्रणव मात्र बॉनेटजवळ उभा होता. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "कुणालाच नको होतं तिथे आणलं सगळ्यांना."

वीणाताईंचा घास थांबला. आईचं लोणच्याचं वचन त्यांना आठवलं. पण पोराचा चेहरा बघवेना.

"गाव गोड आहे रे तुझं," त्या म्हणाल्या. "फक्त मला रोज एकदा याला भेटावं लागतं." त्यांनी वर बोट केलं. "त्याशिवाय जेवायचं नाही असा नेम आहे. कार्तिकीपर्यंत."

एकेक गोष्ट प्रणवच्या डोक्यात जागेवर बसत गेली.

"म्हणजे स्कॉटलंडला..."

"उपाशी ठेवलं असतंस."

तो खाली बसला आणि हसू लागला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. ज्ञानेश्वरराव तोवर रस्ता सोडून वाळूत बरेच आत गेले होते. डोक्यावर टोपी, हातातली छत्री बंद, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. त्यांनी वाकून मूठभर वाळू उचलली, नाकाशी नेली, आणि एकदा गाडीकडे बघून मान हलवली, जणू जुना रिपोर्ट बरोबर निघाला.

इतक्यात उत्तरेकडून एक जीप येऊन थांबली. आत एक म्हातारबाबा, मागे मुलं, टपावर सतरंज्या. एवढ्या उन्हात कुणी बसलंय म्हणजे गाडी बिघडली असणार, अशी त्यांची खात्री. प्रणवनं इंग्रजीत सांगितलं, की सगळं ठीक आहे, आम्ही जेवायला आलोय. रोज येणार आहोत. म्हातारबाबांनी उन्हाकडे पाहिलं, रोट्यांकडे पाहिलं, आणि बर्फाच्या पेटीतून थंड ताकाच्या चार बाटल्या काढून वीणाताईंच्या हातात दिल्या. मग काळजीनं विचारलं, तिकडे धुकं आहे ना.

"भरपूर," वीणाताई म्हणाल्या, आणि हातानं दाखवलं, केवढं.

म्हातारबाबांचा चेहरा उजळला. जीप पांढऱ्या भिंतीकडे भरधाव निघाली. वीणाताईंनी ताकाचं झाकण उघडलं, आणि अहो, आता या, तुमचं ताक तापतंय, अशी वाळूकडे तोंड करून हाक मारली.