अडलेल्या शब्दावर बोट

रेवाने पुस्तक धाडकन मिटलं आणि जाहीर करून टाकलं, "मी आता कधीच वाचणार नाही!"

नीळकंठ आजोबांच्या ते जिव्हारी लागलं. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून वसाहतीतल्या मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट तेच सांभाळत होते. आणि त्यांचीच आठ वर्षांची नात असं म्हणत होती!

कारण काही लपलेलं नव्हतं. मंडळात दर रविवारी मुलं उभी राहून एकेक पान वाचत. मूल अडलं की सगळी सभा एका सुरात तो शब्द ओरडून सांगे आणि मग हशा पिके. "भोपाळात राहून मुलांचं मराठी टिकवायचं, तर एवढं हवंच," असं मंडळी अभिमानाने म्हणत. रेवाला अक्षरं जुळवायला वेळ लागे. गेल्या रविवारी तिच्या वाट्याला वाचनापेक्षा हशाच जास्त आला होता.

सुनेने, सुचेताने, मग टॅबवर गोष्टींचं एक ॲप घेतलं. त्यात झोप हरवलेल्या अस्वलाची गोष्ट होती. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो ऐकू येई. पान वाचून झालं की अस्वलाला हात लावायचा, मग ते जांभई देई.

"अस्वलाच्या जांभया बघणं म्हणजे वाचन नव्हे, सुचेता," आजोबा कुरकुरले.

"जांभई बघायला ती अख्खं पान वाचते, बाबा. आपण सगळे तिला काय दाखवतो? दात!"

आजोबांना काही ते पटलं नव्हतं. दुपारी गॅलरीत रेवा एकाच शब्दावर पुन्हा पुन्हा बोट ठेवताना दिसली.

"किती वेळा विचारशील गं त्याला?"

"कितीही! बार बार विचारलं तरी हे च्च नाही करत, आजोबा."

च्च! घरी शेजारी बसून तिला वाचायला लावताना तो आवाज कोण काढत होतं? पोरीने टोमणा मारला नव्हता, सहज सांगितलं होतं. म्हणूनच तो घाव खोल गेला.

रविवारी रेवा स्वतःहून मंडळात यायला निघाली, टॅब छातीशी धरून. तिची पाळी आली तसे अध्यक्ष अच्युतराव खुर्चीत पुढे सरकले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आता अयोध्या नगरात बंगला.

"हे काय? आज सिनेमा आहे वाटतं!"

सभा हसली.

"अडलं की मीच शब्दावर बोट ठेवते," रेवा हळूच म्हणाली.

"म्हणजे परीक्षेतली नक्कलच की! टॅब ठेव, पुस्तक घे. नाहीतर खाली बस."

रेवा खाली बसायला वळली. आज ती खाली बसली असती, तर पुन्हा कधी उठली नसती. नीळकंठांना ते कळत होतं. पण ते त्या सभेत कधी बोललेच नव्हते. आपण कोण सांगणारे? आपलं ऐकणार कोण? असं मनात म्हणता म्हणताच ते उभे राहिले.

"अच्युतराव, जरा चष्मा काढता?"

"कशाला?"

"काढा तर." त्यांनी कपाटातलं, मुलांना पाठ झालेल्या गोष्टींचं बारीक टायपाचं पुस्तक पुढे केलं. "आता हे पान वाचा."

अच्युतरावांनी हसत हसत चष्मा काढला आणि पुस्तक लांब धरलं. "एका गावात एक... म्हातारा..."

"म्हातारी!" मुलं एका सुरात ओरडली. सवयच ती!

"तिच्या घरी एक... कोंबडा..."

"बोकड!" हॉल खदखदला.

"अरे, थांबा की! वाचू द्या ना मला!" अच्युतराव लालबुंद होऊन ओरडले.

"हेच!" नीळकंठांचा आवाज फाटला. "हेच तिला म्हणायचंय! तुम्हाला चष्मा लागतो, तिला हे लागतं. तुमच्या चष्म्याला कुणी नक्कल म्हणतं का? आपण भाषा टिकवायला बसलोय आणि एक वाचक पळवून लावतोय. त्यात मीही आलो. पण आता नाही! रेवा टॅबवरूनच वाचेल. तिला खाली बसवायचं असेल, तर आधी मला बाहेर काढा!"

अच्युतरावांनी चष्मा चढवला.  मग म्हणाले, "वाच, बेटा. चुकलंच माझं. लागेल तेवढा वेळ लागू दे."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ "लाड आहेत नुसते" म्हणत निघून गेले. जाऊ देत!

रेवा वाचू लागली. दुसऱ्याच ओळीत अडली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचं तोंड उघडलं. अच्युतरावांनी हात वर केला आणि ते मिटलं. रेवाने शब्दावर बोट ठेवलं, कान दिला, शब्द स्वतःच्या तोंडाने म्हटला आणि पुढे गेली.

वाचकहो, आपल्याही घरात एखादं मूल अडखळत वाचत असेल. त्याच्या हाती कागद असो की काच, तो शब्द त्याचा त्याला सापडू द्या. तेवढा वेळ आपल्याला गप्प बसता आलंच पाहिजे!